मागची कड पुढच्या कडेएवढीच

रघुनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिंचवडच्या पोस्टात रांगेवरून एका गृहस्थांशी वाद घालत होतो. फोन त्याच्या मुलाचा, मिलिंदचा होता. "काका, बाबा सकाळी झोपेतच गेले," एवढेच तो म्हणाला. वाद तिथेच टाकून मी रिक्षाने रावेतला त्याच्या घरी पोहोचलो. त्यालाही आता काही आठवडे झाले. एव्हाना मी शांत व्हायला हवे होते, असे घरचे म्हणतात. मी झालेलो नाही. कारण या आठवड्यांत माझ्या मित्राविषयी जे बोलले गेले, त्यातले बरेचसे चुकीचे आहे.

शोकसभेत आमच्या कारखान्यातले एक निवृत्त साहेब म्हणाले, "रघुनाथ मुळात कलावंत, पोटासाठी कारखान्यात अडकला." दुसऱ्या एका सहकाऱ्याने सांगितले की कमी शिकलेल्या कामगारांची कणव येऊन तो यंत्रभागांची चित्रे काढी. आणि खुद्द मिलिंदने, डोळे पुसत, सांगितले की कॉम्प्युटर आले आणि बाबा मागे पडले. मी उठणारच होतो, पण रघुनाथच्या पत्नीने, मंदावहिनींनी, मला आधीच बजावले होते, "नाना, आज तेवढं भांडू नका." म्हणून गप्प बसलो. आज लिहितो आहे, त्याला निमित्त आहे. चिंचवड गावठाणातल्या ज्या खोलीत रघुनाथ निवृत्तीनंतर संध्याकाळी ड्रॉइंगचा वर्ग घेत असे, तिथे त्याच्या नावाचा काळ्या दगडाचा फलक लावायचा आणि त्यावर त्याचे एक रेखाटन कोरायचे, असे ठरले. ते कसे कोरायचे, यावरून माझे आणि मिलिंदचे बिनसले.

मी कारखान्यात, साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या टूलरूमचा फोरमन होतो. रघुनाथ बीडकडून आलेला नवा ड्राफ्ट्समन. त्याची पहिली शीट माझ्या टेबलावर आली, तीत एका ब्रॅकेटची समोरून, वरून आणि बाजूने अशी नेहमीची तीन दृश्ये होती. शिवाय कोपऱ्यात तोच ब्रॅकेट तिरका, सगळ्या अंगांनिशी उभा केलेला. मी त्याला सर्वांदेखत विचारले, "हे कॅलेंडर कुणी काढायला सांगितलं?"

"नाना, त्याच्यावर डिव्हायडर ठिवून तर बघा," तो म्हणाला. सगळे मला नाना म्हणत. त्यानेही परवानगी मागितली नाही. मी डिव्हायडरची, म्हणजे माप उचलायच्या कंपासाची, दोन्ही टोके पुढच्या कडेवर टेकवली, तीच उचलून मागच्या कडेवर ठेवली. तंतोतंत बसली.

"लांबची वस्तू लहान दिसते, एवढं तरी शिकवलं का तुला कुणी?"

"दिसती ना. पण लोखंड मागं गेलं म्हणून आखडतंय का?"

टूलरूम हसली. मी हसलो नाही, पण शीट ठेवून घेतली.

त्याची पद्धत मी शेकडो वेळा पाहिली आहे, साहेबांनी नाही. आधी एक उभी रेषा; तिच्या पायथ्यापासून डावीकडे आणि उजवीकडे तीस अंशांत चढत जाणाऱ्या दोन. मग ठोकळ्याची उरलेली प्रत्येक कड या तिघींपैकी एकीला समांतर. गुण्या सरकवत तो सगळ्या उभ्या रेषा ओढी, मग डावीकडच्या, मग उजवीकडच्या. बराच वेळ कागदावर नुसते रेषांचे रान दिसे. मग तो नको त्या रेषा खोडू लागे आणि त्यातून खाच, पायरी, कोपरा असा एकेक भाग वर येई, हातात उचलून घ्यावा इतका भरीव. याला कुणी कला म्हणत असेल तर म्हणो. कलावंत डोळ्याला दिसते तसे काढतो, दूर जाणाऱ्या रेषा एकमेकींकडे झुकवतो. रघुनाथला ते उत्तम येत होते आणि त्याने ते कारखान्यात कधी केले नाही. त्याच्या कागदावरून माप घेता येई, याचा त्याला गर्व होता, आणि त्याच्या त्या गर्वाचा मला.

आता कणवेविषयी. पुढे आम्ही दोघे चाकणच्या एका लहान वर्कशॉपमध्ये होतो. रघुनाथची चित्रे पूर्ण मापाची, म्हणजे वस्तूएवढीच, असत, त्यामुळे तिथल्या फिटरांना आकडा वाचल्यावर चित्रावर डिव्हायडर ठेवून खात्री करण्याची सवय लागली होती. एकदा नव्या इंजिनिअरने गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी एका साच्याचे देखणे चित्र काढले, दूरच्या रेषा झुकवलेले, आकड्यांविना. ते चुकून खाली शॉपमध्ये गेले. सोपान नावाच्या जुन्या फिटरने त्यावर डिव्हायडर ठेवला आणि मागची पट्टी तेवढीच कापली. अर्थात आखूड. मालक त्याच्यावर तुटून पडले.

"आमी नेहमीवानी डिव्हायडर ठेवला, साहेब," सोपान म्हणाला. "हितं समदे तसंच करत्यात न्हवं?"

रघुनाथने आधी सोपानलाच झापले, "आकडे नसलेला कागद हातात घेतलासच कसा?" मग तो मालकांकडे वळला. "ही सवय मी लावली आहे. ती मोडायची नसेल तर असला कागद खाली येता कामा नये." त्या दिवसापासून झुकत्या रेषांच्या प्रत्येक चित्रावर 'मापासाठी नाही' असा शिक्का पडू लागला. यात कणव कुठे आहे, ते त्या सहकाऱ्याने मला दाखवावे. हा शिस्तीचा माणूस होता. अडाण्यांसाठी सोपे करून देणारा दयाळू काका म्हणून त्याला निरोप देणे, हा त्याचा अपमान आहे.

आणि कॉम्प्युटर? मिलिंद तेव्हा शाळेत होता, त्याला काय ठाऊक असणार. पन्नाशी ओलांडलेला त्याचा बाप शिफ्ट संपवून क्लासला जात होता. पहिल्याच दिवशी त्याने शिकवणाऱ्याला विचारले, "रेषा समांतर ठेवायचं बटण कुठं आहे?" ते सापडल्यावर बाकीचे त्याने भराभर उचलले. ड्रॉइंग बोर्ड त्याने ठेवला तो वर्गात येणाऱ्यांच्या हाताला वळण लागावे म्हणून.

तर फलक. गेल्या आठवड्यात मिलिंद मूळ चित्र आणि नमुन्याची छापील प्रत घेऊन वर्गाच्या खोलीत आला. प्रतीवर पायऱ्यांचा ठोकळा होता, रघुनाथचा आवडता. पण मागच्या बाजूला निमुळता झालेला. मी विचारले, हे काय.

"काका, मूळ चित्रात मागची बाजू पुढच्यापेक्षा मोठी वाटते हो. डिझायनर म्हणाला, चूक झाली असेल, नीट करून देतो. उद्या लोक बघतील आणि म्हणतील, यांना साधा ठोकळा जमत नव्हता."

लांबची कड आखूड दिसण्याची डोळ्याला सवय, म्हणून ती पुढच्याएवढीच काढली की मोठी भासते. मिलिंदचा हेतू वाईट नव्हता. बापाला कुणी हसू नये, एवढेच त्याला हवे होते. आणि मलाही तेच. तरीही मी आवाज चढवला, त्यानेही चढवला. वर्ग आता रेश्मा चालवते, रघुनाथची विद्यार्थिनी. दिवसा चाकणच्या कंपनीत डिझाइनला असते. ती दोन्ही कागद घेऊन खिडकीपाशी गेली.

"दादा, हे छान दिसतंय," निमुळत्या ठोकळ्यावर बोट ठेवून ती मिलिंदला म्हणाली. "पण इथं लावायचं तर खाली शिक्का मारावा लागेल, मापासाठी नाही म्हणून. सरांच्या नावाखाली."

 फळ्याशेजारी बापाचा ड्रॉइंग बोर्ड होता. मिलिंदने एकदा त्याच्याकडे पाहिले. मग त्याने दगड कोरणाऱ्याला फोन लावला. "मूळ चित्र पाठवतो, तसंच्या तसं कोरा. हो, मागची बाजू मोठी दिसते. दिसू दे. ती मोठी नाही." पलीकडून कोरणाऱ्याने पुन्हा विचारले असावे, कारण मिलिंदने तेच वाक्य, या वेळी जरा दरडावून, पुन्हा सांगितले.