समोरून काढलेला फोटो

बारा गाड्यांचा फोटो समोरून काढलेला मी दुसरा पाहिलेला नाही. जत्रेत आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल असतो, पण मी पाहिलेले सगळे फोटो बाजूने काढलेले, नाहीतर मागून. समोर उभं राहायचं नसतं. माझा फोटो बैठकीच्या खोलीत बरीच वर्षं भिंतीवर होता. ज्यांनी तो प्रदर्शनात पाहिला, त्यांना त्या माणसाचे डोळे आठवत असतील. अंगभर हळद, कमरेला दोर, मागे गुलालाचा ढग, आणि तो सरळ तुमच्याकडे पाहतो आहे. देवाकडे लागलेली नजर, असं परीक्षक त्याला म्हणाले.

तो देवाकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता, कारण मी त्याला हाक मारली होती. आणि ती हाक संपते न संपते तोच पहिल्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं.

हे मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नाही. त्याची शिक्षा भोगली ती त्याच्या बायकोने.

मी नगरच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर होतो. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन जत्रा गाठायचो. वाघ्ये, पोतराज, नंदीबैलवाले, बोहाड्याचे मुखवटे घालून नाचणारे. माणसं सोडून मी फारसं काही काढलं नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी, निवृत्तीला थोडे महिने उरले असताना, मिरजगावच्या पुढे हमरस्ता सोडून आत असलेल्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे चैत्रात भैरवनाथाची जत्रा भरते आणि बारा गाड्या ओढतात.

बैल सोडलेल्या बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधतात. त्यांवर माणसं दाटीवाटीने चढतात. पहिल्या गाडीचं जू एकट्या माणसाच्या कमरेला दोराने बांधतात. तो भगत. नऊ दिवस उपास करतो, अंगाला हळद लावतो आणि गाड्या ओढत देवळाच्या पायरीपर्यंत नेतो. हा मान त्या गावात एकाच घराचा होता, आणि त्या वर्षीचा भगत अठ्ठावीस-तीस वर्षांचा गडी होता. पूर्वी कुस्त्या खेळायचा, म्हणून मी त्याला पैलवान म्हणू लागलो.

आदल्या दिवशी सकाळीच मी त्याच्या घरी पोचलो. घरात तो, त्याची आई, धाकटा भाऊ आणि वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली बायको. मला पैलवानाचा चेहरा हवा होता, आणि तो कॅमेरा दिसला की मान खाली घालायचा. मग मी त्याला सवय लावली. तो गोठ्यात असो, आंघोळीच्या दगडावर असो, मी म्हणायचो, “पैलवान, इकडं!” आणि त्याने वर पाहिलं की बटण दाबायचो. दुपारपर्यंत त्याचा संकोच गेला. हाक आली की मान आपोआप वळायची.

“काका, आमचं कुत्रं बी एवढं ऐकत न्हाई,” त्याची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली.

“हसू नगं,” सासू म्हणाली. “उपासाचं मानूस हाय.”

मला मात्र गंमत वाटत होती. एखादं अवजार हाताला बसावं, तसा तो माणूस माझ्या हाकेला बसला होता.

घराच्या आतल्या खोलीत देव होते. त्यांच्यापुढे पितळी ताटात दुसऱ्या दिवसासाठी कालवलेली हळद ठेवली होती. भगताच्या हळदीला त्याच्याशिवाय कुणी शिवायचं नाही, बायकांनी तर मुळीच नाही. हे मला सकाळीच सांगून झालं होतं. पण त्या खोलीत अंधार होता आणि उंबऱ्यावर तिरपं, सोन्यासारखं ऊन पडलं होतं. घरात कुणी दिसेना. मी ताट उचललं, उंबऱ्यावर ठेवलं आणि चार-पाच फोटो काढले.

मान वर केली तर दारात सून उभी. काखेत हंडा. तिचा चेहरा उतरला.

“काका, त्याला शिवत न्हाईत.”

मी ताट परत उचलणार, तेवढ्यात मागून सासू आली. ताटाकडे पाहून जागच्या जागी थांबली.

“ताट कुनी हालवलं?”

सुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा.

“मीच,” ती म्हणाली. “उंदीर फिरत हुता.”

पाहुण्याला बोल लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. त्या घरात कुणीही तसंच केलं असतं. मी तोंड उघडायला हवं होतं. मला वाटलं, चार शब्द ऐकून घेईल, विषय संपेल. पण सासू ओरडली नाही. “नवव्या दिवशी,” एवढंच ती हळू आवाजात म्हणाली आणि ताटाला हात न लावता लेकाला बोलवायला गेली. तिला अंगणात येऊन सुनेला चार शिव्या देताना मी पाहिलं असतं, तर मला रात्री झोप लागली असती.

जत्रेच्या दिवशी दुपारी देवळाच्या गुरवाने मला बाजूला घेतलं. “तुमी पाव्हणे, म्हनून सांगतो. वाट मोकळी ठेवायची. म्होरं कुनी जायचं न्हाई. अन् दोर बांधल्यापासून पायरीला हात लागस्तोवर त्याला हाक मारायची न्हाई.”

“का?” मी विचारलं.

“हाकेला मानूस थांबतो. गाड्या थांबत न्हाईत.”

मी मान डोलावली. देवळाकडे जाणारा रस्ता उताराचा होता. बारा गाड्या एकदा हलल्या की त्या माणसाने ओढायच्या राहत नाहीत, त्याला त्यांच्या पुढे धावत राहावं लागतं. हे मला समजायला हवं होतं. आयुष्यभर कारखान्यात माल उतरवून घेतलेला माणूस मी. उतारावरची ट्रॉली काय करते हे मी जाणत होतो. पण माझं लक्ष उन्हाकडे होतं. पाच वाजता ऊन बरोबर त्या रस्त्यात समोरून पडणार होतं.

गर्दी दोन्ही बाजूंनी दाटली तेव्हा मी देवळाजवळच्या बंद पिठाच्या गिरणीच्या दारात शिरलो. दार रस्त्यात थोडं पुढे आलेलं होतं. तिथून सगळा रस्ता समोर दिसत होता, आणि मी कुणाला दिसत नव्हतो.

चांगभलंचा गजर झाला. हलगी कडाडली. मग चाकांच्या लोखंडी धावा दगडांवर घासल्याचा आवाज आला, आधी बारीक, मग जमीन हादरवणारा. गुलालातून पैलवान बाहेर आला. दोन्ही बाजूंना त्याला सावरणारे दोन गडी. तो सुरेख धावत होता. मात्र त्याची मान खाली होती. चेहऱ्यावर सावली होती.

मी दारातून एक पाऊल पुढे टाकलं आणि म्हणालो, “पैलवान, इकडं!”

एवढ्या गोंगाटात शेजारच्या दोघांना ते ऐकू गेलं नाही. त्याला गेलं. त्याने वर पाहिलं.

बटण दाबून धरलं की माझा कॅमेरा एकामागून एक फोटो काढायचा. सात फोटो निघाले. पहिल्यात तो पाहतो आहे. दुसऱ्यात त्याचा उजवा पाय अडखळला आहे आणि दोर सैल पडला आहे. तिसऱ्यात जू त्याच्या पाठीला लागलं आहे. पहिला भिंतीवर गेला. बाकीचे सहा मी कितीतरी वर्षं कुणाला दाखवले नाहीत.

त्याला टेम्पोत घातलं तेव्हा तो शुद्धीवर होता. “हाक आली,” तो परत परत म्हणत होता. “मला हाक आली.”

“कुनाची?” कुणीतरी विचारलं.

तो गर्दीत शोधू लागला. मी एका उंच माणसाच्या मागे सरकलो. ह्या हातांनी कॅमेरा पिशवीत घातला. तेवढ्यात त्याच्या आईने सुनेकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हळदीला शिवली ही. काल. माझ्यासमोर कबूल झाली.”

मग हाकेचं कुणी विचारलं नाही.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखाना नगरातच, माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. मी गेलो नाही. महिन्याभराने गुरवाने फोनवर सांगितलं की सुनेला काष्टीला माहेरी धाडलंय. ताट आपण हलवलं नव्हतं असं ती पुढे रडून सांगत होती म्हणे, पण एकदा कबूल झालेल्या बाईचं कोण ऐकणार? “आता पाव्हण्याच्या गळ्यात घालती,” असं गावात म्हणत होते. गुरवाने मला विचारलं नाही. मीही “खरं आहे” म्हटलं नाही. त्याच पावसाळ्यात मी फोटो स्पर्धेला पाठवला आणि चषक घरी आणला.

ह्या माघात माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर बैठकीच्या खोलीत आलो आणि भिंतीवरचा फोटो कितीतरी वर्षांनी स्वच्छ दिसला. त्याचे ओठ उघडे होते. ते मी विसरलो होतो. ‘काय काका?’ असं विचारायच्या बेतात होता तो. मी फोटो उतरवला.

आठवडे बाजाराच्या दिवशी दौंडच्या एसटीने काष्टीला उतरलो. विचारत विचारत पोचलो, तर पैलवानाची बायको शिवलेले परकर आणि झबली ताडपत्रीवर मांडून बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. मी समोर उभा राहिलो, तिने गिऱ्हाईक समजून वर पाहिलं आणि हातातला परकर खाली ठेवला.

“फोटूवाले काका.”

“हो.”

“लई वर्सांनी. आता मला कुनाच्या चाकाखाली घालताय?”

मी तिथेच मातीत बसलो आणि ताटाचं आणि हाकेचं सगळं सांगितलं. ताटाचं सांगताना ती परकराच्या घड्या घालत राहिली. हाकेचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. ते तिला नवं होतं.

“म्हंजे ते खोटं बोलत न्हवते,” ती म्हणाली. “हाक आलती.”

मी पिशवीतून सातही फोटो काढून दिले. पहिला तिने बराच वेळ धरला. दुसरा पाहिला. तिसरा उलटा करून ठेवला आणि पुढचे पाहिलेच नाहीत.

“ते कधी आले का न्यायला?” मी विचारलं.

“न्हाई. दुसरं लगीन बी केलं न्हाई. आईपुढं बोलत न्हाईत, अन् एकल्यानं राहत्यात.” तिने फोटो माझ्याकडे सरकवले. “मला कशाला सांगता, काका? मी शिवले न्हवते ते मला ठावं हाय. मला सांगून तुमचं वझं उतरंल, माझं न्हाई. पारावर सांगा. माइकवर. जत्रंच्या दिवशी, सासू हाय तवर.”

“मारतील मला,” मी म्हणालो. चेष्टेने म्हणायला गेलो, पण आवाज तसा निघाला नाही.

“मारत्याल,” ती म्हणाली. एका बाईने झबल्याची किंमत विचारली, ती तिला सांगून परत माझ्याकडे वळली. “मला बी मारलं हुतं.”

जत्रा आठ दिवसांवर आली आहे. काल गुरवाशी बोललो. यंदा धाकटा भाऊ गाड्या ओढणार आहे. त्याचेही उपास सुरू झाले. गुरव म्हणाला, माइक देतो, पण गाड्या पायरीला लागल्यावर. आधी बोललात तर पोरगं बिथरेल, गाव बिथरेल. मग स्वतःच म्हणाला की हल्ली पोरं ऐकत नाहीत, मोबाईल घेऊन भगताच्या पुढे उलटी पळतात आणि त्याला नावाने हाका मारतात. हे ऐकल्यावर मी ठरवलं की दोर बांधायच्या आधी बोलायचं, आणि त्याला तसं सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला.

बोलताना माझी जीभ वळेल याची खात्री नाही, म्हणून हे लिहून काढलं. वाचून दाखवीन. वाचू दिलं नाही तर हे कागद पारावर ठेवून येईन, सातही फोटोंसकट.

ती येणार आहे. बाजारातून मी उठलो तेव्हा तिने मागून सांगितलं होतं, “मी पाराच्या म्होरंच उभी राहीन. तुमची मान खाली गेली तर हाक मारीन. मग माझ्याकडं बघायचं.”