एकशेदहा-सत्तर

कागदावर तिचं पद 'प्रसविका' होतं, पण हा शब्द नेमणुकीच्या आदेशाबाहेर कधी कुणाच्या तोंडी आला नाही. बायका तिला सुईणबाई म्हणत, डॉक्टर 'अहो बाई' म्हणत आणि सुपरवायझर मॅडम काहीच न म्हणता टाळी वाजवून बोलावत. सत्तावीस वर्षं तिने बाळंतपणं केली. त्यातली शेवटची बारा वर्षं ती एकाच गोष्टीसाठी भांडत होती. एखादी गरोदर बाई किंवा बाळंतीण दगावली की मोठ्या दवाखान्यात चौकशीची बैठक बसते, त्या बैठकीत सुईणीला खुर्ची हवी.

"बाई का मेली हे तुम्ही दार लावून ठरवता," ती डॉक्टरांना तोंडावर सुनवायची, "आणि जिने तिला नऊ महिने पाहिलं ती बाहेर बाकावर! आम्ही काय नुसतं गरम पाणी आणायला आहोत?"

तिच्या अर्जांना दरवर्षी केराची टोपली दाखवली गेली. मग एकाएकी वरून आदेश आला की प्रत्येक बैठकीत एक अनुभवी सुईण असावी. सगळ्यात जास्त कटकट करणारी म्हणून हिचीच वर्णी लागली. तिला केवढा आनंद झाला! आणि पहिल्याच बैठकीच्या यादीत पहिलं प्रकरण निघालं ते तिच्याच आरोग्य केंद्रातल्या शिवणवालीचं.

शिवणवाली म्हणजे केंद्रामागच्या गल्लीत पायमशीनवर कपडे शिवणारी सव्वीस वर्षांची पहिलटकरीण. भारी बोलकी. तपासणीच्या दिवशी रांगेत उभी राहून पुढच्या बाईच्या पाठीकडे बघायची आणि बिनदिक्कत म्हणायची, "हे कुणी शिवलंय हो? खांदा पार उतरलाय." पाचव्या महिन्यात तिने बीपीच्या मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा पाहिला. कापड उसवलं होतं, धागे लोंबत होते. ती पट्टा घरी घेऊन गेली आणि हिरव्या दोऱ्याची दुहेरी टीप मारून परत आणून दिला. "घ्या बाई, आता दहा वर्षं निघत नाही."

पट्टा झकास बसला, पण मशीनचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्याची रबरी नळी दीड वर्षापासून गळत होती. फुगा दाबला की पारा चढायचा आणि कानात नळ्या घालून ठोका ऐकेपर्यंत फुस्स करून खाली यायचा. सुईणबाईचा नवरा घड्याळजी. त्याने नळीला दोनदा ठिगळ लावलं, दोन्ही वेळा आठवडाभरात सुटलं. नव्या मशीनसाठी तिने चार अर्ज केले. चारही वेळा एकच उत्तर आलं, 'मागणी नोंदवली आहे.'

"काहीही करा, पण रकाना रिकामा ठेवू नका," मॅडम म्हणाल्या होत्या. "रिकामा दिसला की जाब मला द्यावा लागतो."

म्हणून मग सगळ्यांच्या कार्डावर दाबाचा एकच ठरलेला आकडा, एकशेदहा-सत्तर. ती काही पाट्या टाकत नव्हती. प्रत्येकीचा चेहरा निरखायची, नडगीवर अंगठा दाबून सूज बघायची, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारायची. दाब वाढल्याचा संशय आला की त्या बाईला हाकलतच मोठ्या दवाखान्यात पाठवायची. अशा नऊजणी तिने वेळेवर पकडल्या होत्या. स्वतःच्या अंदाजावर तिचा फार विश्वास बसला आणि घात तिथेच झाला.

आठव्या महिन्यात शिवणवालीच्या पायावर अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. "अहो बाई, शाळेच्या गणवेशांचं काम आलंय," ती हसत म्हणाली. "दिवसभर पाय मारते मी, सुजणारच की!" मागे रांगेत अजून चाळीस बायका होत्या. सुईणबाईला ते पटलं, किंवा पटवून घेणं सोयीचं गेलं. "जरा पाय वर करून बसत जा," ती म्हणाली आणि तिने एकशेदहा-सत्तर लिहिलं. त्यानंतर नवव्या दिवशी भर दुपारी शिवणवालीला पायमशीनवरच झटके आले. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पोटातलं बाळही गेलं.

तिची सासू कार्ड परत द्यायला आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं कार्ड. "बाई, यावर तर सगळं चांगलंच लिहिलंय," म्हातारी म्हणाली. "म्हणजे माझंच चुकलं. मीच तिला दटावून मशीनवरून उठवायला हवं होतं." तिने ते शिलाई मशीन चादरीत बांधून माळ्यावर टाकलं होतं. सुईणबाईने कार्ड घेतलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्या गप्प बसण्यामुळे तिला स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. डोळ्याचं भिंग न काढता तो म्हणाला, "समजा मी बंद घड्याळ उघडलंच नाही, नुसते काटे फिरवून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. काय म्हणशील मला?"

"चोर म्हणेन."

"मग?"

"माझ्या नोकरीची चार वर्षं राहिलीत हो."

"ते तुलाच ठाऊक," असं म्हणून त्याने पुन्हा घड्याळात डोकं घातलं. माणूस असा खडूस. धीराचा एक शब्द म्हणून नाही.

बैठकीत तिला खुर्ची मिळाली, चांगली हातांची. मोठ्या डॉक्टरांनी शिवणवालीचं कार्ड उंच धरलं. "वा! याला म्हणतात नोंद. सहा तपासण्या, एकही रकाना रिकामा नाही. दाब प्रत्येक वेळी एकशेदहा-सत्तर." टेबलाभोवती मॅडम धरून चार शिकलीसवरलेली माणसं बसली होती. गरोदर बाईचा रक्तदाब सहा तपासण्यांत तसूभरही हलत नाही, याचं एकालाही नवल वाटलं नाही. "म्हणजे झटके अचानक आले. टाळता न येणारा मृत्यू. लिहून घ्या." कारकुनाने पेन टेकवलं.

"थांबा," सुईणबाई म्हणाली. "तो दाब मोजलेलाच नाही."

"कुठल्या तपासणीतला?"

"सहाही तपासण्यांतला. आणि हिचा एकटीचा नाही, दीड वर्षात कुणाचाच मोजला नाही. मशीनची नळी गळते. आकडा मी मनाने लिहीत होते."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर खाकरले. "बाई, तुम्ही इथे सदस्य म्हणून बसला आहात. हे भलतंच काय बोलताय?"

"सदस्य म्हणूनच सांगते. माझ्या हातून हे झालं, ते लिहा. पण मशीनचंही लिहा. हे माझे चार अर्ज, पोच घेतलेली आहे. रकाने भरा म्हणून कुणी सांगितलं, तेही लिहा. आणि बाकीच्या केंद्रांतली मशीनं उद्याच्या उद्या तपासा. तिथेही हेच चाललेलं असणार."

"साहेब," कारकून हळूच म्हणाला, "कारणाच्या रकान्यात एकच ओळ मावते."

तेवढीच ओळ लिहिली गेली. 'प्रसविकेचा निष्काळजीपणा.' चारही अर्ज डॉक्टरांनी दोन बोटांनी तिच्याकडे परत सरकवले. तीन दिवसांत तिला निलंबित केल्याचं पत्र आलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, ते तिने ओढवूनच घेतलं होतं. पण ती गळकी नळी त्या ओळीत कुठेच नव्हती. सगळं खापर तिच्यावर फोडून बाकीचे हात झटकून मोकळे झाले होते, आणि त्या रागाने तिची झोप उडाली.

पत्र हातात पडलं त्याच दिवशी ती शिवणवालीच्या सासूकडे गेली. दारातच उभी राहून तिने सगळं सांगितलं. म्हातारीने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "तिने तुमचा तो पट्टा शिवला होता ना हो?" ती म्हणाली. "दोन दिवस त्यातच डोकं घालून बसली होती. म्हणायची, बाईंच्या कामाला येईल." आणि तिने दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांनी कपाटाची किल्ली द्यायला सुईणबाईला केंद्रात बोलावलं. तपासणीचा दिवस होता. तिच्या जागी नवी पोरगी बसली होती. टेबलावर मशीन तेच, पट्ट्यावर हिरवी टीप तीच. पण कार्डांवर आकडे निराळे होते. एकावर एकशेचौदा-बहात्तर, दुसऱ्यावर एकशेआठ-सत्तर.

"नळी बदलली का गं?"

"कुठली बदलतायत बाई!" पोरीने आवाज खाली आणला. "बैठकीनंतर सगळ्या केंद्रांना पत्र आलंय. ते बघा, भिंतीवर."

पत्रात एकच सूचना होती. 'रक्तदाबाचा तोच आकडा प्रत्येक भेटीत नोंदवू नये.'

तिची बारा वर्षांची भांडणं, आणि एका घरातले दोन जीव. त्यातून एवढंच शहाणपण निघालं होतं.

समोर स्टुलावर एक बाई बसली होती, सातवा महिना असेल. सवयीने सुईणबाईचा हात खाली गेला. तिने नडगीवर अंगठा दाबला. खळगा भरून येईना.

"डोकं दुखतं?"

"दुखतं थोडं. उन्हानं असेल."

तिच्या कार्डावर एकशेसोळा-चौऱ्याहत्तर लिहून झालं होतं. सुईणबाईने पोरीच्या हातून पेन ओढून घेतलं, आकडा खोडला, शेजारी 'मोजलेला नाही' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"बाई, तुम्हाला आता सही करता येत नाही," पोरगी घाबरून म्हणाली.

"मग तू कर." तिने पेन पुढे केलं.

पोरीने दाराकडे पाहिलं. पेन घेतलं, टोपण लावलं आणि खणात ठेवून दिलं. सुईणबाईने त्या बाईला दंडाला धरून उठवलं आणि तिला घेऊन ती मोठ्या दवाखान्याच्या रस्त्याला लागली.