वर माणूस आहे

दर रविवारी सकाळी आम्ही दोर तपासायला बसतो. डिचोलीत माझ्या घराच्या मागच्या पडवीत. आम्ही तिघे मिळून झाडं छाटायची कामं घेतो. सुदीन चढतो, विश्रामदादा खालून सांगतात कुठली फांदी कशी कापायची, आणि मी दोर सांभाळतो. पूर्वी मी खाणीवर मशिनं दुरुस्त करायचो. खाण बंद पडली आणि दोर हातात आला. तपासायचं म्हणजे अख्खा दोर वीत-वीत करून बोटांतून सरकवायचा. त्याला दोन तास लागतात, आणि दोन तास गप्प कोण बसणार? त्यातूनच हे किस्से साठत गेलेत. ऐकणारे हसतात. आम्ही मात्र सांगून झालं की हातातला दोर पुन्हा चाचपतो.

*

पेडण्यात एक मोठा आंबा होता. सुदीनच्या कमरेला पट्ट्यांचा हार्नेस असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या कड्या. एक आखूड दोर, लॅनयार्ड, फांदीभोवती फिरवून त्या कड्यांत अडकवायचा, की करवतीसाठी दोन्ही हात मोकळे.

सकाळभर काम करून सुदीन जेवायला खाली उतरला. विश्रामदादांची नजर त्याच्या कमरेवर गेली.

"सुदीन, ह्यां खंय अडकवलंस?"

लॅनयार्डचा हूक कडीत नव्हताच. शेजारी करवत लटकवायला कापडाचा एक फास असतो, त्यात होता. तो फास किलो-दीड किलो वजन पेलायचा. सुदीन बहात्तर किलोचा.

सुदीनने हूक काढला, हातात धरून बघत बसला. डबा उघडलाच नाही. दुपारी कोणी चढलं नाही.

*

लाटंबार्श्याला काम संपवून सुदीन दोरावरून खाली येत होता. अशा वेळी दोराचं खालचं टोक कोणी ओढलं तर वरचा माणूस जागच्या जागी अडकतो. मी पिकअपमध्ये सामान भरत होतो. एवढ्यात वरून सुदीनचा आवाज आला, "दोर सोड रे!"

मी म्हटलं, "मी धरलेलाच नाही."

सुदीन हातभर खाली यायचा आणि गचकन थांबायचा. मग पुन्हा हातभर. काहीतरी तुटतंय असं वाटून मी धावत गेलो. दोराच्या टोकाला म्हशीचा पाडा बांधलेला! तो गवतासाठी पुढे सरकला की सुदीन थांबायचा, मागे आला की सुटायचा.

पाड्याचा मालक अंगणात बसून चहा पीत होता. म्हणाला, "इतको बरो दोर असोच पडिल्लो. म्हटलां, कोणाचो ना."

*

पुढचं माझ्या हातून झालं.

पिकअपच्या मागे जुनी बॅटरी पडली होती आणि मी दोराची पिशवी तिला टेकवून ठेवायचो. एका रविवारी दोर तपासताना विश्रामदादांची बोटं थांबली. दोरावर वीतभर पिवळट डाग होता, बाकी काही नाही. त्यांनी दोन्ही हातांनी जरासा ताण दिला आणि दोर भिजलेल्या कागदासारखा दोन झाला. बॅटरीचं ॲसिड झिरपलं होतं.

आदल्या संध्याकाळी सुदीन त्याच दोरावरून उतरला होता.

विश्रामदादांनी कोयता घेतला आणि त्या दोराचे हातभर लांबीचे तुकडे केले, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून. मी त्यांना सांगितलं नाही, पण शेजारच्या वहिनीने बाळाच्या पाळण्यासाठी जुना दोर मागितला होता, आणि हाच द्यायचं मी कबूल केलं होतं.

*

विश्रामदादा मूळचे दोडामार्गाकडचे. पूर्वी तेही चढायचे. शिरगावात सावरीचं झाड होतं, बोंडं फुटायचे दिवस. दादा वर हातकरवतीने फांदी कापत होते आणि माझ्या अंगावर पांढरा कापूस पडत होता. मी शर्ट झटकत होतो आणि सुदीनला म्हणत होतो, "बघ, बर्फ पडतोय."

मग एक पुंजका तळहातावर आला. कापूस नव्हता. दोराचे धागे होते.

दादा फांदीबरोबर स्वतःचं लॅनयार्डही कापत होते. मी हाक मारली तेव्हा एक पेड उरला होता. त्यांनी खाली पाहिलं, करवत टाकली आणि सावरीच्या काटेरी खोडाला घट्ट मिठी मारली. सुदीनने वर जाऊन त्यांना आपल्या दोराला अडकवलं आणि खाली आणलं. छातीभर काटे रुतले होते. त्यानंतर दादा कधी चढले नाहीत.

*

कारापूरच्या किस्स्यात कोणाला काही झालं नाही, हे आधीच सांगतो.

त्या दिवशी दोर उंच फांदीवरून घेऊन खाली एका माडाच्या बुंध्याला बांधला होता. दुसऱ्या टोकाला चाळीस फुटांवर सुदीन. त्या घरचे आजोबा पंचाहत्तरीचे, कानांनी अधू. ते कोयता घेऊन बागेत आले. आपल्या माडाला कोणीतरी दोर आवळलाय हे त्यांना खपलं नाही. मी फांद्या ओढत होतो. मान वळवली तेव्हा कोयता वर गेला होता.

एका घावात दोर सुटला आणि सळसळत वर गेला. मी किंचाळलो, "आजोबा, वर माणूस आहे!"

सुदीनने नुकतंच लॅनयार्ड फांदीला अडकवलं होतं, म्हणून राहिला. सुटलेला दोर त्याच्या कमरेलाच लोंबत होता. ओढून पुन्हा बांधता आला असता, पण त्याचे हात फांदी सोडीनात. दादा हाका मारून थकले. सुदीनने डोळे मिटून घेतले होते.

आम्ही वर बघतोय हे पाहून आजोबांनीही वर पाहिलं. कोयता हातातून गळला. मग त्यांनी शर्ट काढला, माडाला अडकवला, पंच्याचा काचा मारला आणि आम्ही अडवायच्या आत अनवाणी सुदीनच्या झाडावर चढू लागले. कुठे थांबले नाहीत. सुदीनच्या शेजारी बसले, लोंबता दोर वर ओढला, फांदीला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने विचारलं, "कोणाचो रे तूं?"

सुदीनने डोळे उघडले आणि बापाचं नाव सांगितलं.

तेवढ्यात घरातून सूनबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांना जमिनीवरचा कोयता दिसला, माडावरचा शर्ट दिसला.

"बाबा खंय? डॉक्टरान तेंका जिनो सुद्दां चडूंक नाका म्हणून सांगलां."

मी बोट वर केलं.