रामप्रसादचं उघडं पान

"रामप्रसाद, दर रविवारी तू फोन करतोस आणि दर रविवारी मी विषय बदलते. तोंडानं सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिते. नीट बसून वाच. आईजवळ बसून वाचू नकोस. तुझ्या त्या पानाचं असं झालं की"

इथवर येऊन भानुमतीबाईंनी चार कागद फाडले होते. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला एक साधं वाक्य पुरं करता येऊ नये, याचा त्यांना स्वतःचाच संताप येत होता.

रामप्रसाद करमाडचा. घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. माळावर कंपन्यांची कुंपणं पडली तशी मेंढरं विकली, आणि बारावी झालेला हा पोरगा टायपिंग शिकून शहरात, गुलमंडीत, पठार अभ्यास मंडळात लागला. कापडदुकानाच्या वरची माडी, म्हणजे मंडळ. बाई तिथल्या सल्लागार. मंडळाच्या वेबसाइटवरचं लिखाण आठ वर्षं त्यानंच चढवलं. त्याची रीत एकच. साइटवरचं पान कॉम्प्युटरवरच्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडायचं, पत्र टाइप करावं तसं दुरुस्त करायचं आणि सेव्ह दाबायचं. पान परस्पर साइटवर जायचं. तोवर दुसऱ्या कुणी त्याला हात लावू नये म्हणून साइटवर पानाच्या डोक्याशी ओळ दिसे: 'हे पान रामप्रसाद यांनी संपादनासाठी उघडले आहे.' ही ओळ त्याला फार आवडे. आईला मोबाइलवर दाखवायचा.

गवतांचं पान ही बाईंची कल्पना. लॅटिन नावं त्यांच्याकडे होती. कुठलं गवत कुठल्या उतारावर येतं, कशानं दूध वाढतं, कशानं मेंढी फुगते, हे म्हाळसाबाईंकडे. म्हणजे रामप्रसादच्या आईकडे. ती करमाडहून फोनवर सांगायची, हा फोन खांद्याशी धरून थेट पानात टाइप करायचा. कागदावर एक अक्षर नाही. मारवेल, पवन्या, कुसळी करत करत आठवडाभरात त्रेचाळीस गवतं झाली; सगळी पुरी झाली की एकदमच सेव्ह करायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मेंढरं गेली तेव्हा रामप्रसाद लहान होता; त्याला स्वतःला दहा-अकराच सांगता येत.

त्याच आठवड्यात साइट सांभाळणाऱ्या नव्या लोकांनी जुना रस्ता बंद केला. यापुढे जे लिहायचं ते ब्राउझरमध्येच. रामप्रसादनं सेव्ह दाबलं, तर लाल चौकट आली. पुन्हा दाबलं, पुन्हा चौकट. तेच लिखाण दुसऱ्या नावानं कॉम्प्युटरवरच ठेवता येतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आठ वर्षांत गरजच पडली नव्हती. विचारायची लाज वाटली. बंद केलं तर सगळं जाईल, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं कीबोर्डवर पुठ्ठा ठेवला, 'बंद करू नये', आणि मशीन चालूच ठेवलं.

चौथ्या दिवशी म्हाळसाबाईंना पक्षाघात झाला. वाचा गेली.

नवव्या दिवशी मंडळाचे सचिव आप्पासाहेब म्हणाले, तुला नवं काही जमत नाही, शीला म्हणून एक मुलगी घेतली आहे, उद्यापासून येऊ नकोस.

तो तसाच ज्योतीनगरला बाईंच्या फाटकाशी आला. चहा नको म्हणाला.

"बाई, मला आता वर जाऊ देणार न्हाईत. तुम्हाला देतेल. तेवढं पान सेव्ह करून आणा."

"दोन मिनिटांचं काम. रडतोस कशाला?"

"रडत न्हाई. मशीन चालूच हाय."

उद्या जाते, असं बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून विश्वजित आला. मुलगा आल्यावर कोण बाहेर पडतं. मग दाढ दुखली. मग आप्पासाहेबांचं तोंड पाहायची इच्छा होईना. खरं सांगायचं तर ऊन होतं आणि कंटाळा आला. आठव्या दिवशी पर्समध्ये पेन ड्राइव्ह घालून त्या माडी चढल्या, तर टेबल लखलखीत.

शीला बिचारी उठून उभी राहिली. "पुठ्ठा विसरून राहिला असेल वाटलं, मॅडम. मीच बंद केलं." मशीन पुसून, आतलं सगळं काढून, एका शाळेला दिलं होतं.

हे रामप्रसादला सांगायचं होतं. तो आता शेंद्र्याला एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन आहे. कंपनीचं नाव त्यानं सांगितलं होतं. पूर्वी त्या माळाला काय म्हणायचे तेही सांगितलं होतं. रोज मोबाइलवर तो साइट उघडतो. पान उघडं असतानाच मशीन बंद झालं, ते मिटल्याचं साइटला कळलंच नाही, त्यामुळे डोक्याशी ती ओळ तशीच आहे. ओळ आहे म्हणजे मशीन चालू, असा त्याचा हिशेब.

पाचव्या कागदावर नाव घातलं, तेवढ्यात फोन वाजला. रविवारच होता.

"बाई, नाव हाय बघा अजून. आईला रोज दाखवतो. घाई न्हाई, गुलमंडीकडं गेलात की तेवढं सेव्ह करा."

"जाईन," बाई म्हणाल्या, आणि आईला दुपारची गोळी दिलीस का, ते विचारू लागल्या.