ट्रेसिंगवरचं नाव

हेडसाहेबानं दाढीचं अर्धं ब्लेड काढलं आणि माझं नाव खरवडलं. माझ्या डोळ्यांदेखत. ट्रेसिंग पेपरवर शाईनं लिहिलेलं रबरानं जात नाही, ब्लेडनं खरवडावं लागतं. फुंकर मारून भुसा उडवला आणि त्याच जागी स्वतःचं नाव लिहिलं.

"तुमच्या लोकाईनं रेघा ओढाव्या. नाव आमी टाकू."

वऱ्हाडातल्या मालेगावात वाशीम रस्त्यावरचा तो कारखाना डाळ मिलची यंत्रं बनवायचा. मी किन्हीराजा गावचा. बौद्ध. बाप रोजानं जायचा. आमच्या वस्तीतला पहिला इंजिनिअर मी. ड्रॉइंगच्या खोलीत हेडसाहेबाच्या हाताखाली आम्ही चौघं. बोर्डाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे, हा नियम एकट्या मला. बाकीच्यांच्या बोटाला तंबाखू चालायची.

खरवडलेली ती शीट डाळ मिलच्या नव्या रोलरची होती. रोलरचा लांब दांडा दोन बेअरिंगांत फिरतो. फिरून तापतो, तापला की लांबतो. म्हणून एक टोक घट्ट धरायचं आणि दुसऱ्याला सरकायला जागा द्यायची. मी एक मिलिमीटर सोडला होता. नावानंतर ब्लेड तिथं गेलं.

"साहेब, ती जागा पाहिजे. दांडा अडकेल."

"मले शिकवतं? ढिलं ठेवणं तुमच्या रक्तातच हाय. दोन्हीकडून घट्ट पाह्यजे."

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज आजही वाटते.

यंत्र तयार झालं, अंगणात मांडलं. गिऱ्हाईकं आली. कारखान्याच्या शेटजींनी नारळ फोडला. रोलर झकास फिरला, वीसेक मिनिटं. मग कण्हायला लागला. पट्टा घसरला, जळका वास सुटला, दांडा जागीच थांबला. गिऱ्हाईकं एकमेकांकडे पाहू लागली.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

"रहीमचाचा, काय करून ठेवलं हे?" शेटजी फिटरवर ओरडले.

"कागदावर होतं तसंच बसवलं, शेटजी."

हेडसाहेबानं चटकन माझ्याकडे बोट केलं. "डिझाइन याचं हाय. म्या तुमाले पयलेच म्हनलं होतं, असे लोक घेऊ नका."

काम झालं तेव्हा नाव त्याचं. बिघडलं तेव्हा माझं.

मी आत गेलो. ट्रेसिंग आणली, शेटजींच्या हातात दिली. "नाव वाचा, शेटजी. मोठ्यानं."

शेटजींनी वाचलं. हेडसाहेबाचं.

"आता उन्हात धरा."

उन्हात कागद बोलला. खरवडलेल्या दोन जागा पांढुरक्या उजळल्या. एका जागी माझ्या नावाच्या निबचे ओरखडे. दुसऱ्या जागी माझा एक मिलिमीटर. रहीमचाचा वाकून पाहत म्हणाला, "अरे बाप्पा, पोरानं तं जागा सोडली होती!"

हेडसाहेबाच्या कपाळावर घाम आला. मी तो नीट पाहिला. घाईनं नाही, सावकाश.

"दुरुस्त होते का हे?" शेटजींनी विचारलं.

"होते. दोन तासांत."

"मंग कर ना बापा! लोक जाऊन राह्यले."

"आधी नाव. त्यांनी आपल्या हातानं लिहायचं. शाईनं. इथंच."

हेडसाहेब शेटजींकडे पाहत राहिला. शेटजी म्हणाले, "लिहा."

"हात धुऊन या," मी म्हणालो.

तो नळावर गेला. साबण लावला. परत आला, पेन उचललं, स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली आणि खाली माझं लिहिलं. शाईचा डाग पडला. तो डाग मी पुसू दिला नाही.

मग मी एका टोकाला दांडा अडवणारी कॉलर एक मिलिमीटर मागं घ्यायला लावली. संध्याकाळपर्यंत रोलर फिरत होता.

जाताना हेडसाहेब माझ्या सायकलजवळ आला. "झालं गेलं मिटवून टाकू."

"नाही," मी म्हणालो. "तुमचं ते खरवडणं मी मिटवणार नाही."

तेव्हापासून कोऱ्या शीटवर मी यंत्राची रेघ आधी ओढत नाही. आधी उजव्या कोपऱ्यात नाव लिहितो. माझं, बापाचं, आडनावासकट. मग यंत्र. आणि त्या कोपऱ्याकडे ब्लेड घेऊन कोणाचाही हात येऊ दे. यावेळी मी गप्प बसणार नाही. तो हात मनगटाला धरीन.