उसावरची चाळीस मिनिटं

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाचा आण्णा. आमचे वडील लवकर गेले. दादा फौजेत भरती झाला आणि मी शिकलो, ते त्याच्या जिवावर. पुढं मी सांगलीत मास्तर झालो. तो बावीस वर्षं नोकरी करून गावी परतला आणि ऊस लावायला लागला. वहिनी गेल्यानंतर त्याचं विसरणं वाढत गेलं. त्याला एकच मुलगी, तासगावला दिलेली, तिच्या मागं द्राक्षबागेचा रगाडा. मी निवृत्त झालेला, मागं कुणी नसलेला. मीच तिला म्हणालो, दादाला मी सांभाळतो. आणि गावी येऊन राहिलो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, सांगलीच्या वाटेवर. गावाला लागूनच एक छोटी धावपट्टी आहे. तिथं विमान चालवायला शिकवतात. दिवसभर लहान लहान विमानं डोक्यावरून घिरट्या घालत असतात. गावातलं कुणी आता मान वर करून बघत नाही.

त्या दिवशी सकाळी दादा एकच विचारत होता. "माझी ट्रंक भरलीस का रं?" त्याला वाटत होतं, रजा संपलीय आणि पलटणीत हजर व्हायचंय. मी आधी समजावलं. मग "भरली" म्हणालो. मग गप्प राहिलो. तो शर्टाची बटणं लावून घेतानाही तेच विचारत होता. रात्री त्यानं मला दोनदा उठवलं होतं. मी ओरडलो, "जा, जायचं तर जा एकदाचा! माझं डोकं खाऊ नको."

मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर दार उघडं आणि दादा नाही.

पहिला तासभर मला काळजीपेक्षा रागच जास्त होता. मग विहीर बघितली, कालवा बघितला, फाट्यावरचा एसटीचा थांबा बघितला. थांब्यावर तो आलाच नव्हता. शेवटी एका बाईनं सांगितलं, "आण्णा सकाळीच ओढ्याकडच्या पाणंदीनं गेलं की."

त्या पाणंदीच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. दिवाळी तोंडावर आलेली, तोडी सुरू व्हायच्या होत्या, ऊस दोन पुरुष उंच झालेला. अशा उसात माणूस दहा हातांवर असला तरी दिसत नाही. हाक मारली तर पाचोळ्यात जिरून जाते. गावातली पंचवीसएक माणसं आत शिरली. पानांनी हात-तोंड कापून घेऊन बाहेर आली. बारा वाजून गेले, ऊन चढलं.

कुणीतरी म्हणालं, शेजारच्या गावात एक ड्रोनवाली बाई फवारणीला आलीय, तिला विचारा. मी मोटरसायकलवर मागं बसून गेलो. तिशीतली बाई, बचत गटातून शिकून लायसन काढलेली. टेम्पोत फवारणीचं मोठं ड्रोन आणि शेजारी पाहणीसाठीचं लहान, कॅमेऱ्याचं. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, मोबाइलवर नकाशा काढला आणि माझ्यापुढं धरला. आमच्या गावावर लाल रंग होता.

"काका, धावपट्टीजवळ परवानगीबिगर उडवता येत न्हाई. वर शिकाऊ पोरं विमानात असत्यात. एखादं धडकलं तर?"

"बाई, माणूस मरंल तिकडं."

"मला कळतंय, काका. पण मी न्हाई उडवू शकत." तिनं टेम्पोचं दार लावलं. "तुमी पोलिसांकडं चला. मी अर्ज भरती. मशीन घेऊन मीबी येती तुमच्यासंगं."

मी तिला नको ते बोललो. लायसनपुढं तुला माणसाची किंमत नाही, असं काहीतरी. तिनं टेम्पो चालू केला.

पोलीस ठाण्याबाहेर टेम्पो थांबवून तिनं मोबाइलवर अर्ज भरायला घेतला. एका रकान्यात उड्डाणाचा उद्देश निवडायचा होता. पिकाची पाहणी, जमीन मोजणी, लग्नाचं चित्रीकरण, असं बरंच काही होतं. हरवलेला माणूस शोधणं त्यात नव्हतं. "काय लिहू?" तिनं विचारलं. मग स्वतःच 'इतर' वर बोट टेकवलं.

फौजदार भला माणूस होता. त्यानं लगेच नोंद घ्यायला सांगितलं. नाव, वय, उंची, रंग. मग हवालदारानं विचारलं, "अंगात कुठला शर्ट हाय?"

मला आठवेना. त्या शर्टाची बटणं सकाळी मी स्वतः लावली होती. पाची बटणं. पण रंग काही केल्या आठवेना.

"पांढरा लिहू?" हवालदार म्हणाला. मी मान डोलावली.

ठाण्याचं पत्र घेऊन आम्ही धावपट्टीवरच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं पत्र दोनदा वाचलं, आम्हाला बसायला सांगितलं आणि फोन लावायला घेतले. परवानगी त्याच्या एकट्याच्या हातात नव्हती, वर विचारावं लागत होतं. मी बाकावर बसलो. समोर एक विमान उतरत होतं, चाकं टेकवत होतं आणि लगेच पुन्हा वर जात होतं. मी उठून अधिकाऱ्याला म्हणालो, "साहेब, ही विमानं वरनंच फिरतायत. त्यांना बघायला सांगा की."

त्यानं खरंच वायरलेसवरून सांगितलं. थोड्या वेळानं उत्तर आलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "नुसतं हिरवं दिसतंय म्हणतात."

पावणेचारला मंजुरी आली. विमानं खाली उतरवली. ड्रोन किती उंच न्यायचं, कुठल्या ओढ्यापासून कुठल्या रस्त्यापर्यंत, सगळं कागदावर लिहून दिलं. वेळ चाळीस मिनिटं. अधिकाऱ्यानं कागदावर सही केली आणि स्वतः पाणंदीपर्यंत आमच्याबरोबर आला.

ड्रोन वर गेलं. तिच्या हातातल्या पडद्यावर आमचं शिवार मी पहिल्यांदा वरून बघितलं. कुठला तुकडा कुणाचा, काही कळेना. एका ठिकाणी पांढरं दिसलं, सगळे तिकडं पळाले. खताचं रिकामं पोतं निघालं. तिनं बॅटरी बदलली. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण बोटं स्थिर होती. ओढ्याच्या बाजूनं एकेक सरी धरून ती ड्रोन पुढं नेत राहिली. मग एकदम थांबली.

"काका, हितं ऊस वाकलाय बघा."

उसाच्या दाटीत एक खळगा होता आणि त्यात निळं काहीतरी. शर्ट निळा होता.

तिनं ड्रोन त्या जागेवर तसंच धरून ठेवलं. आवाजाच्या रोखानं माणसं कोयत्यानं वाट काढत आत गेली. मागून मी. दादा सरीत बसला होता. चपला हातात, पाय चिखलानं भरलेले, गालांवर पानांचे ओरखडे. ओठ पांढरेफटक पडलेले. मी पुढं झालो. त्यानं मला बघितलं आणि उठायचा प्रयत्न केला. उठवेना, तेव्हा बसल्या बसल्याच हात कपाळाला लावला.

"साहेब, हजर व्हायला उशीर झाला. वाटच गावली न्हाई."

"असू दे," मी म्हणालो.

तालुक्याच्या दवाखान्यात तो चार दिवस होता. सलाईन लावलं, ताप उतरला, पुन्हा चढला. पुतणी तासगावहून आली होती. "काका, तू घरातच हुतास न्हवं? मग आण्णा भाईर कसं पडलं?" तिनं विचारलं. "दार उघडं राहिलं," मी म्हणालो. पाचव्या दिवशी पहाटे दादा गेला. चार तास आधी सापडला असता तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही.

तेराव्याला ती ड्रोनवाली आली. पंगती उठल्या होत्या. तिनं जेवायला नको म्हटलं, नुसती ओट्यावर टेकली. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली.

"काका, मी दुपारीच उडवलं असतं तर... त्या दिवसापासनं मशीन हातात घ्यायची भीती वाटती."

मी तिच्याकडं बघत राहिलो. दोष तिच्यावर जात होता आणि ती तो गुमान घेत होती. मी काही बोललो नसतो तर ती तो आयुष्यभर वागवत राहिली असती.

"तुमचा काही दोष न्हाई, बाई," मी म्हणालो. "तुमी नियमानं वागला. त्याला घरातनं मी घालवला. जा एकदाचा म्हणालो. दार आपोआप उघडं राहिलं न्हवतं."

ती माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला अडवलं. मान वर केली तेव्हा पुतणी दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. तिनं तो बाईसमोर ठेवला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती तासगावला गेली. निघताना भांडली नाही, रडलीही नाही. मी पिशवी उचलायला गेलो, तर तिनं ती आधीच खांद्याला लावली होती.

मी अजून गावीच आहे. ऊस तुटून गेला, आता त्याच खोडांतून फुटलेला खोडवा गुडघ्याएवढा आलाय. ड्रोनवाली पुन्हा फवारणीला जाते, असं ऐकतो. पुतणीचा महिन्यातून एखादा फोन येतो. सातबाऱ्यावर वारस लावायचं, पाण्याची पाळी, असं कामाचंच बोलते. लहानपणापासून ती मला अरे-तुरे करायची, माझ्या खांद्यावर बसून जत्रेला यायची. आता विचारते, "जेवलासा का तुमी?" मी हो म्हणतो. मग तिच्याकडनं नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत राहतो. शेवटी तीच म्हणते, ठेवते. आणि ठेवते.