येसाजीच्या वाटेची छायाचित्रे

श्रीवर्धन, दिनांक ३ ऑक्टोबर १९५८. आमच्या आळीच्या गणेशोत्सव मंडळाने श्रीमती आवडाबाई यांच्याकडून फ्रान्सची छायाचित्रे मागून नेली, कात्रीने कापून मखराच्या देखाव्यात चिकटविली आणि अनंत चतुर्दशीस मखरासह समुद्रात सोडली. येथील शाळेचा शिक्षक या नात्याने ही तक्रार मी या वृत्तपत्रात नोंदवीत आहे.

छायाचित्रे काढणारे काळूराम हे आवडाबाईंचे धाकटे दीर. बोटीच्या भट्टीवर कोळसा ओढण्यात त्यांची हयात गेली. त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे आवडाबाईंचा नवरा येसाजी, पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर फ्रान्सला गेला, तो परतला नाही. मृत्यूचे सरकारी पत्र आले. तरी आवडाबाईंनी कुंकू पुसले नाही. “कागद म्हंजे मानूस न्हाय,” एवढेच त्या म्हणत.

१९४९ साली काळूरामांची बोट दुरुस्तीसाठी मार्सेल्सला थांबली. त्यांनी एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि बंदरापासून सरकारी पत्रात नाव असलेल्या लष्करी दफनभूमीपर्यंत ते पायी गेले. गावी परतल्यावर बाजारात थट्टा झाली.

“काळूराम, विलायतेला जाऊन एक मडम न्हाय टिपलीस?”

“मडम काय वयनीला दाखवू?”

त्यांच्या चित्रांत होता बोटीचा धक्का, चढणीचा रस्ता, पावाचे दुकान, झाडाखालचे रिकामे बाक. “दादा ह्याच वाटेनं गेला असंल,” असे ते प्रत्येक चित्रावर बोट ठेवून सांगत. शेवटच्या चित्रात पांढऱ्या दगडांची रांग होती. सर्वांत पुढच्या दगडावरची इंग्रजी अक्षरे मी वाचून दाखविली. येसाजीचेच नाव होते. आवडाबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळ मोकळे होते.

तेव्हापासून दर सर्वपित्री अमावास्येला त्या चित्रापुढे येसाजीचे पान मांडले जाई. काळूराम गेल्या वर्षी वारले.

यंदा मी परगावी असताना मंडळाने त्या दगडांची रांग देखाव्यातल्या बंगल्याचे कुंपण म्हणून लावली. खाली पाटी होती, ‘फ्रान्सची निसर्गशोभा’. परतल्यावर मी मंडळाचे अध्यक्ष विश्वंभरपंत यांना जाब विचारला.

“देवाबरोबर गेलं, गुरुजी. याहून चांगली जागा कोणती हवी?” ते म्हणाले.

आवडाबाईंनी तक्रार केली नाही. “देवाच्या कामाला न्हाय कशी म्हनू? पर आता पान कुठं मांडू, गुरुजी?”

मोठ्या प्रती काढतो असे सांगून मंडळाने मूळ फिल्मही नेली होती; प्रती काढल्याच नाहीत. ती कोणाकडे आहे, हे आज कोणीही सांगत नाही. वाचकहो, ती फिल्म ज्याच्या घरी असेल त्याने सर्वपित्रीपूर्वी आवडाबाईंच्या हाती आणून द्यावी.